टेस्टोस्टेरॉन चालू असताना इस्ट्रोजेन तळाला गेलं, सावरायला किती वेळ लागतो?

शतपावली

नमस्कार. एरवी इथे नुसता वाचत असतो. पण या विषयावर मराठीत मोकळेपणाने लिहिलेलं फारसं काही सापडलं नाही, म्हणून धागा काढतोय.

वय ४१. पिट्युटरी ग्रंथीच्या त्रासामुळे माझं टेस्टोस्टेरॉन खरोखरच खूप कमी होतं. सकाळी उपाशीपोटी दोनदा तपासून मग इंजेक्शनं सुरू झाली. सुरुवातीचे महिने फार छान गेले. झोप, उत्साह, कामातलं लक्ष, सगळं परत आलं. पुढे मी क्लिनिक बदललं. तिथे इंजेक्शनच्या जोडीला अनास्ट्रोझोलची गोळी सुरू केली. टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेन होतं, ते वाढलं की छाती वाढते, अंगात पाणी साठतं, तेव्हा आधीच बंदोबस्त केलेला बरा, असं कारण सांगितलं. मला तेव्हा यातला एकही त्रास नव्हता.

आता गुडघे, मनगटं, बोटांची पेरं सतत दुखतात. जिना उतरताना सांधे कोरडे पडल्यासारखे वाटतात. रात्री घामाने जाग येते. टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही कामेच्छा अजिबात नाही. आणि मन इतकं बधिर झालंय की मुलगी धावत येऊन बिलगली तरी आत काही हलत नाही. सगळ्यात जास्त भीती मला याचीच वाटते. तपासणीत इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) '५ पिकोग्रॅमपेक्षा कमी' असं आलं आहे.

गोळी बंद केली तर हे किती दिवसांत सुधारतं? ते वर आणायला वेगळं काही घ्यावं लागतं का? टेस्टोस्टेरॉनही थांबवू का? आणि हाडांचं काही नुकसान झालं असेल का? ज्यांनी हे सोसलंय त्यांनी कृपया लिहा.

रानवाट

अक्षर न् अक्षर ओळखीचं आहे. यातून बाहेर पडता येतं, एवढं आत्ता सांगतो. सविस्तर रात्री लिहितो.

गवाक्ष

एक मनापासून पडलेला प्रश्न, राग नसावा. इस्ट्रोजेन तर बायकांच्या शरीरात काम करतं ना? पुरुषाचं शून्य झालं तर तोटा काय? आमच्या जिममध्ये तर ते जितकं कमी तितकं चांगलं असंच सगळे मानतात. सांधेदुखीचं कारण दुसरंच काही असू शकेल का?

अंतःस्राव

गवाक्ष, बरं झालं विचारलंत. हा समज जिमपुरता नाही, काही दवाखान्यांतही दिसतो. मी अंतःस्रावी ग्रंथींचा डॉक्टर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पुरुषाच्या शरीरात अरोमाटेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. अनास्ट्रोझोल त्यालाच अडवतं. ते टेस्टोस्टेरॉनच्या काही भागाचं इस्ट्राडायोल करतं. पुरुषातलं साधारण ८० टक्के इस्ट्राडायोल असं वृषणाबाहेर, मुख्यतः चरबीत तयार होतं, थोडं थेट वृषणात. हा काही शरीराचा बिघाड नव्हे. हाडं, मेंदू, सांधे, कामेच्छा, चरबीचं वाटप या सगळ्यांना ते लागतं.

१९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकीकत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन होतं, पण ते ओळखणारा रिसेप्टरच जन्मापासून निकामी होता. उंची २०४ सेंटिमीटर, अजूनही वाढतच होती, कारण हाडांच्या टोकांची वाढ थांबलीच नव्हती. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, आणि तरी हाडं ठिसूळ. ज्यांच्यात अरोमाटेजच नसतं अशा पुरुषांची उदाहरणंही नंतर आली. त्यांना टेस्टोस्टेरॉन देऊन हाडं सुधारली नाहीत, इस्ट्राडायोल दिल्यावर सुधारली.

त्याच नियतकालिकात २०१३ मध्ये आलेला अभ्यास तर तुमच्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतो. २० ते ५० वयाच्या सुमारे ४०० निरोगी पुरुषांचं स्वतःचं हार्मोन औषधाने बंद केलं आणि १६ आठवडे टेस्टोस्टेरॉन जेलचे वेगवेगळे डोस दिले. निम्म्यांना सोबत अनास्ट्रोझोलही दिलं. स्नायूंचं वस्तुमान आणि ताकद टेस्टोस्टेरॉनच्या प्रमाणात बदलली. चरबी मात्र इस्ट्रोजेन कमी पडल्यामुळे वाढली. कामेच्छा आणि ताठरता यांना दोन्ही लागतात असं दिसलं. म्हणजे चरबी वाढू नये म्हणून इस्ट्रोजेन मारणारे बहुधा उलटंच करत असतात.

शतपावली, सांधेदुखी, घाम, बधिरपणा आणि कामेच्छा जाणं हे चारही एकत्र, गोळी सुरू केल्यानंतर, आणि आकडा ५ च्या खाली. दुसरं कारण शोधायची मला तरी गरज वाटत नाही.

लोखंडी_मनगट

डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून जिमच्या आरशावर लावतो!

शतपावली, माझं मत सांगतो. टेस्टोस्टेरॉनचा डोस थोडे दिवस दीडपट करा. कच्चा माल वाढला की इस्ट्रोजेन आपोआप वर येईल. आमच्याकडे सगळे असंच करतात. गोळी एकदम बंद केली तर उलट उसळी मारेल.

अंतःस्राव

लोखंडी_मनगट, याला माझा स्पष्ट विरोध आहे. अरोमाटेज औषधाने अडवलेलं असताना डोस वाढवणं म्हणजे नळ बंद ठेवून टाकी भरत बसणं. इस्ट्राडायोल जागेवर राहील, आणि वाढलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे रक्त दाट होईल. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पुरुषाचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर उपचार थांबवावे लागतात, ते उगाच सांगितलेलं नाही. शिवाय गोळीचा अंमल उतरला की तोच जादा डोस इस्ट्राडायोलला गरजेपेक्षा वर नेऊन ठेवेल. मग घाबरून माणूस पुन्हा गोळी घेतो. असे महिनोन्‌महिने वरखाली करत बसलेले रुग्ण माझ्याकडे येतात.

आता मूळ प्रश्न. टेस्टोस्टेरॉन थांबवू का? नको. तुमच्या बाबतीत पिट्युटरीच काम करत नाही, तेव्हा इंजेक्शन थांबवलं तर तुमचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन तयार होणार नाही, आणि ज्यापासून इस्ट्राडायोल बनायचं तेच संपेल. आहे तोच डोस ठरलेल्या वेळी घेत राहायचा.

गोळीबद्दल तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा आणि स्पष्ट विचारा की ही मला कशासाठी चालू आहे. उत्तर 'खबरदारी म्हणून' असेल तर ती बंद करण्याबद्दल त्यांच्याशी बोला. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या प्रत्येकाला अरोमाटेज रोखणारी गोळी द्यावी असं कुठलीही मोठी मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत. हे औषध मुळात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमधल्या स्तनाच्या कर्करोगासाठी आहे.

आणि एक महत्त्वाचं. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. त्यासाठी कुणाला अशी गोळी चालू असेल तर हा धागा वाचून ती कृपया बंद करू नका. तिथला हिशोब पूर्ण वेगळा आहे.

वाचनमात्र

फार उपयुक्त. वाचनखूण साठवली आहे.

रानवाट

सांगितल्याप्रमाणे लिहितोय. मला अनास्ट्रोझोल नव्हतं, त्याच कामाची दुसरी गोळी, एक्सेमेस्टेन होतं. फरक असा की अनास्ट्रोझोल विकराला तात्पुरतं धरून ठेवतं, तर एक्सेमेस्टेन त्याला कायमचं निकामी करतं. त्यामुळे औषध रक्तातून गेलं तरी शरीराला नवीन अरोमाटेज बनवावं लागतं. डॉक्टर, चुकत असेन तर सांगा.

गोळी थांबली त्या आठवड्यात मला वाटलं होतं की तीन-चार दिवसांत माणसात येईन. तसं काही झालं नाही. आधी रात्रीचा घाम थांबला. मग झोप सुधारली. सांधे बरेच आठवडे कुरकुरत होते, पण सकाळचा ताठरपणा हळूहळू कमी होत गेला. मन त्यानंतर जागेवर आलं. एका सकाळी गाडी चालवताना जुनं गाणं लागलं आणि डोळे भरून आले. गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो. कामेच्छा सगळ्यात शेवटी, तीही सरळ रेषेत नाही. दोन दिवस बरी, मग चार दिवस काहीच नाही.

माझ्या मते खरी परीक्षा मधल्या काळात असते. इस्ट्रोजेन वर यायला लागलं की स्तनाग्रं हुळहुळतात. तिथे भीती वाटते की आता छाती वाढणार, आणि हात गोळीकडे जातो. माझ्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की थोडं हुळहुळणं काही काळ होऊ शकतं, गाठ लागली तर दाखवायला या, पण गोळीला हात लावू नका. गाठ आली नाही. हुळहुळणं आपोआप गेलं.

आणखी एक. त्या काळात मी रोज नवीन काहीतरी वाचून नवीन काहीतरी घ्यायचं टाळलं. वेदना असताना ते फार कठीण असतं, हे मला माहीत आहे.

अंतःस्राव

रानवाट, एक्सेमेस्टेनबद्दल बरोबर आहे. अनास्ट्रोझोलचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण दोन दिवसांचं, म्हणजे औषध अंगातून जवळपास पूर्ण जायला दहाएक दिवस. याच प्रकारची तिसरी गोळी लेट्रोझोल तर या तिघांत सगळ्यात जोरदार, त्यात इस्ट्राडायोल फार खोल जातं. पण तुम्ही लिहिलंत तसं, रक्तातला आकडा आधी सुधारतो आणि लक्षणं मागून येतात. सांध्यांना आणि कामेच्छेला आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. हाडांची गोष्ट आणखी संथ.

सूर्यफूल

मी स्वतः रुग्ण नाही, माझे यजमान या सगळ्यातून गेले. दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितेय.

तेव्हा आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. मला वाटायचं यांचं माझ्यावरचं मन उडालं. हे बोलत नव्हते, जवळ येत नव्हते, चिडतही नव्हते. चिडले असते तरी बरं वाटलं असतं. मी विचारलं की 'काही नाही' म्हणायचे, आणि त्यांना खरंच काही जाणवत नव्हतं. रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, तेव्हा मी तिथेच रडले. राग नव्हता, फार हलकं वाटलं होतं.

शतपावलीदादा, घरी सांगितलं आहे का? नसेल तर सांगा. हा धागाच वाचायला द्या. आणि ज्यांचे नवरे असे उपचार घेताहेत त्या बायकांना सांगते, महिनाभरात माणूस असा गप्प झाला तर संशय घेण्याआधी तपासणी करून घ्या.

तसंच, जगणं नकोसं वाटतंय असे शब्द तोंडी आले किंवा मनात आले तर हार्मोन सावरण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, माणसाला एकटं सोडू नका. आमच्याकडे एक रात्र तशी आली होती.

शतपावली

सूर्यफूलताई, तुमचा प्रतिसाद काल बायकोला वाचायला दिला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'आधी का नाही सांगितलंस?' आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

सगळ्यांनी इतकं मन लावून लिहिलंत. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

लोखंडी_मनगट

डॉक्टर, डोस वाढवण्याचा सल्ला मी मागे घेतो, पटलं. पण दुसरी बाजू अगदीच पुसू नका. माझ्या मित्राला टेस्टोस्टेरॉनवर छातीत खरोखर गाठ आली. दुखायची, शर्टातून दिसायची. शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. त्याला कुणी वेळेवर गोळी दिली असती तर? इस्ट्रोजेन वाढण्याचा त्रास काल्पनिक नाही.

अंतःस्राव

अजिबात काल्पनिक नाही, आणि मित्राला जो त्रास झाला तो गंभीरच आहे. पण अशा वेळी आधी बघायचं ते इंजेक्शनचं वेळापत्रक. दोन-तीन आठवड्यांतून एकदा मोठा डोस दिला की पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉन खूप उंच जातं आणि त्याबरोबर इस्ट्राडायोलही. तोच डोस विभागून आठवड्याला किंवा आठवड्यातून दोनदा दिला तर ते टोक खाली येतं. मग एकूण डोस जास्त आहे का ते बघायचं. पोटाची चरबी कमी झाली तर अरोमाटेजही कमी होतं. छातीत गाठ नुकतीच येत असेल तर टॅमॉक्सिफेनसारखं औषध वापरता येतं. ते स्तनाच्या पेशीत इस्ट्रोजेनला अडवतं आणि हाडांतलं काम बरंचसं चालू ठेवतं. एवढं करूनही अरोमाटेज रोखणाऱ्या गोळीची गरज लागणारे रुग्ण असतात, पण थोडे. त्यांनाही ती कमीत कमी मात्रेत, लक्षणं बघत, तपासण्या करत द्यायची. मित्राला वेळेवर तपासलं जायला हवं होतं, इथे आपलं एकमत आहे.

लोखंडी_मनगट

त्याचं इंजेक्शन तीन आठवड्यांतून एकदा होतं. आता कळतंय.

नवा_पक्षी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. हा धागा वाचून घाबरलो, पण उलट कारणाने. माझं इस्ट्राडायोल ९२ आलं आहे! सगळीकडे वाचलं की पुरुषात ४० च्या आत हवं. टेस्टोस्टेरॉन जेल लावतो. त्रास काही नाही, पण आकडा बघून काल ओळखीच्याकडून अनास्ट्रोझोल आणून ठेवलंय. घेऊ का?

वाचनमात्र

थांबा! रिपोर्टमध्ये आकड्यापुढे एकक काय लिहिलंय ते आधी बघा. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर की पिकोमोल प्रति लिटर?

नवा_पक्षी

पिकोमोल प्रति लिटर. त्याने काय होतं?

वाचनमात्र

पिकोमोलच्या आकड्याला ३.६७ ने भागा. ९२ म्हणजे साधारण २५ पिकोग्रॅम. पुरुषांसाठी बऱ्याच प्रयोगशाळा १० ते ४० पिकोग्रॅमच्या आसपासचा पल्ला देतात. तुम्ही बरोबर मधोमध आहात. गोळी परत करा.

नवा_पक्षी

केली. अक्षरशः रात्रीच्या जेवणानंतर घेणार होतो. तुम्हाला मनापासून धन्यवाद.

रानवाट

वाचनमात्र यांनी आपलं नाव आता बदलायला हरकत नाही :)

अंतःस्राव

वाचनमात्र, उत्तम. या निमित्ताने तपासणीबद्दल थोडं. नेहमीची इस्ट्राडायोल तपासणी इम्युनोअॅसे (प्रतिपिंडांच्या मदतीने मोजणाऱ्या) पद्धतीने होते. ती स्त्रियांमधल्या मोठ्या आकड्यांसाठी ठीक आहे, पुरुषांतल्या छोट्या आकड्यांत, विशेषतः तळाच्या भागात, ती बरीच चुकू शकते. शक्य असेल तिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे एलसी-एमएस पद्धतीने होणारी संवेदनशील तपासणी मागा. एक्सेमेस्टेनचे शरीरात तयार होणारे उपपदार्थही काही इम्युनोअॅसेना फसवतात, आकडा आहे त्याहून जास्त दिसतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर प्रयोगशाळेला सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन अशा काही तपासण्यांत इस्ट्राडायोल खोटंच वाढवून दाखवतं. मग रिपोर्टमध्ये जास्त, अंगात कमी, आणि वर गोळी, असा अनर्थ होतो.

दोन रिपोर्टांची तुलना करायची तर प्रयोगशाळा तीच, पद्धत तीच, आणि इंजेक्शनपासूनची वेळही तीच ठेवा. पुढचं इंजेक्शन घेण्याच्या आधी रक्त दिलेलं सोयीचं.

गवाक्ष

डॉक्टर, लक्षणांवरूनच ओळखता येत नाही का? मग आकड्यांचा एवढा घोळ कशाला?

अंतःस्राव

नुसत्या लक्षणांवरून फसगत होते, कारण कमी आणि जास्त दोन्हीत कामेच्छा जाऊ शकते, मूड बिघडू शकतो, थकवा येऊ शकतो. सांधे कोरडे वाटणं आणि रात्रीचा घाम कमीकडे बोट दाखवतात, स्तनाग्रं हुळहुळणं आणि सूज जास्तीकडे. पण पक्कं कळायला रक्त द्यावंच लागतं. आणि नुसता आकडा बघून, काही त्रास नसताना औषध द्यायचं नाही. दोन्ही समोर ठेवूनच ठरवावं लागतं.

पाणवठा

थोडं विषयांतर होईल, पण हार्मोन थेरपी म्हटलं की आमच्या घरात दुसरंच आठवतं. मोठ्या भावाला प्रोस्टेटचा कर्करोग आहे आणि त्याचं टेस्टोस्टेरॉन मुद्दाम बंद करणारी इंजेक्शनं चालू आहेत. त्यालाही असेच घाम, सांधेदुखी, उदासपणा. टेस्टोस्टेरॉन बंद म्हणजे त्यापासून बनणारं इस्ट्रोजेनही बंद, हे मला या धाग्यावर पहिल्यांदा उमगलं. त्याच्या बाबतीत तर औषध थांबवता येणार नाही. मग काय करायचं?

अंतःस्राव

विषयांतर मुळीच नाही. प्रोस्टेट कर्करोगाच्या या उपचारात घामाच्या लाटा आणि हाडं विरळ होणं याचं मोठं कारण इस्ट्राडायोल जाणं हेच आहे. गंमत म्हणजे १९४१ च्या सुमारास चार्ल्स हगिन्स यांनी या कर्करोगावर हार्मोनचा उपचार दाखवून दिला तेव्हा त्यात इस्ट्रोजेनच वापरलं होतं. त्या कामासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होत, म्हणून ते मागे पडलं. त्वचेवर लावायच्या इस्ट्राडायोल पॅचवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली आहे. पॅच थेट रक्तात औषध सोडतो, यकृतावर तसा भार पडत नाही.

भावासाठी आत्ता विचारायच्या गोष्टी: हाडांची घनता तपासली आहे का, ड जीवनसत्त्व किती आहे, झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब या हाडं जपणाऱ्या औषधांची गरज आहे का, आणि घामाच्या लाटांसाठी काही देता येईल का. वजन उचलण्याचा व्यायाम तब्येतीला झेपेल तेवढा नक्की. हे सगळं त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा. बहुतेक वेळा रुग्ण 'कर्करोगापुढे हे काय' म्हणून सांगतच नाहीत.

पाणवठा

तो अगदी असंच म्हणतो. पुढच्या भेटीला मी सोबत जाणार आहे. डॉक्टर, आभारी आहे.

गवाक्ष

मी एक भर घालतो. हा धागा वाचून घरातले सप्लिमेंटचे डबे तपासले. 'इस्ट्रोजेन कंट्रोल' नावाच्या डब्यावर अगदी बारीक अक्षरात आरिमिस्टेन लिहिलेलं सापडलं. शोधलं तर तेही अरोमाटेज रोखणारंच निघालं. म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारी तीच गोष्ट. शतपावली, तुम्ही असं काही घेत नाही ना? गोळी बंद करून हे चालू राहिलं तर काय उपयोग.

शतपावली

गवाक्ष, नाही. पण बरं केलंत लिहिलंत.

संपादक

धागा विषयाला धरून चालला आहे, सर्वांचे आभार. कृपया औषधं कुठून आणि चिठ्ठीशिवाय कशी मिळतील यावर इथे लिहू नये. तसे दोन प्रतिसाद काढले आहेत.

शतपावली

बऱ्याच दिवसांनी धागा वर आणतोय. पुढे काय झालं ते सांगणं तुमचं देणं आहे.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अनास्ट्रोझोल बंद केलं, टेस्टोस्टेरॉनचा एकूण डोस तोच ठेवून आठवड्यातून दोनदा विभागून दिला, बाकी काहीही नवीन दिलं नाही. मी तीनदा विचारलं की वर यायला काही देता का. तीनदा नाही म्हणाले.

घाम आधी गेला, रानवाट यांनी लिहिलं होतं तसंच. मधे स्तनाग्रं हुळहुळली, तेव्हा त्यांचा प्रतिसाद उघडून परत परत वाचला आणि काही केलं नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीत इस्ट्राडायोल २४ आलं, तेही एलसी-एमएसवर. गंमत अशी की आकडा जागेवर होता पण मला अजून बरं वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले शरीराला वेळ द्या. त्यानंतरचा महिना कठीण गेला. मग सांधे सुटले. जिना आता विचार न करता उतरतो. कामेच्छा पूर्वीसारखी झाली असं नाही म्हणणार, पण आहे, आणि वाढते आहे.

मुलगी परवा शाळेतून आली, बिलगली, आणि मी तिला सोडेचना. ती म्हणाली, 'बाबा, पुरे.'

हाडांची डेक्सा तपासणी केली. कण्याचा टी-स्कोर उणे १.६ आला आहे. रिपोर्टवर ऑस्टिओपिनिया, म्हणजे हाडं थोडी विरळ, असं लिहिलंय. हे त्या गोळीमुळेच का? भरून निघतं का? गोळी साधारण वर्षभर चालू होती.

सूर्यफूल

दादा, वाचून फार फार आनंद झाला. यजमानांनाही वाचून दाखवलं.

लोखंडी_मनगट

झकास. आमच्या आरशावर डॉक्टरांचा पहिला प्रतिसाद खरंच लागलाय, दोघांनी फोटो काढून नेला.

अंतःस्राव

शतपावली, अभिनंदन, आणि न काही घेता थांबून राहिलात त्याबद्दल विशेष.

डेक्साबद्दल. ५० च्या आतल्या पुरुषात टी-स्कोर (तरुण निरोगी माणसाशी तुलना) नव्हे, झेड-स्कोर बघायचा, म्हणजे तुमच्याच वयाच्या लोकांशी तुलना. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तरच वयाच्या मानाने कमी म्हणतात. रिपोर्टमध्ये तो आकडा शेजारच्या रकान्यात असेल, बघून इथे लिहा.

गोळीमुळेच का, हे एका तपासणीवरून सांगता येत नाही. वयस्क, कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या पुरुषांना वर्षभर अनास्ट्रोझोल देऊन पाहिलेल्या अभ्यासात कण्याची घनता घटली होती, त्यामुळे तिचा वाटा असणं शक्य आहे. पण पिट्युटरीच्या आजारात उपचाराआधी तुमचं टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडायोल दोन्ही किती काळ कमी होतं, तेही मोजावं लागेल. ते बहुधा वर्षभराहून जास्त असेल. दोन्ही आता जागेवर आहेत, म्हणजे हाडांना सुधारायला वाव आहे. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, वजन उचलण्याचा व्यायाम आता सांधे परवानगी देत असतील तर सुरू करा. स्टेरॉइडची दुसरी काही औषधं पिट्युटरीसाठी चालू असतील तर त्यांच्या मात्रेबद्दलही डॉक्टरांशी बोला, जास्त मात्रा हाडांना त्रास देते.

डेक्सा पुन्हा एक ते दोन वर्षांनी, त्याच यंत्रावर. आधी करून उपयोग नाही, तेवढ्यात दिसण्याइतका फरक पडत नाही.

शतपावली

झेड-स्कोर उणे १.४ आहे. हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे, रोज दोन वेळा. त्याची मात्रा कधी कुणी पुन्हा तपासली नाही. पुढच्या आठवड्यात भेट आहे, तिथे हाच प्रश्न पहिला विचारतो.

अंतःस्राव

झेड-स्कोर ठीक आहे, काळजी नको. हायड्रोकॉर्टिसोन मात्र स्वतःहून कमी करू नका, एक दिवसही चुकवू नका. मात्रा बदलायची तर ती डॉक्टरच बदलतील. भेट झाली की कळवा.